नववीचा शनिवार परत द्या

माननीय अध्यक्ष, कार्यवाह, शाळा समितीचे सर्व सभासद आणि मुख्याध्यापक सर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या शाळेचा माजी विद्यार्थी नाही. आपल्या कुठल्याच हजेरीपटात माझं नाव सापडायचं नाही. पण २०११ सालच्या मार्चमध्ये माझी दहावीची प्रत्येक उत्तरपत्रिका आपल्या शाळेच्या नववीतल्या एका मुलीने लिहिली. उत्तरं माझी होती, अक्षर तिचं. मी जन्मापासून अंध आहे. आज पुण्यात एका बँकेत कर्ज विभागात नोकरी करतो, घरभाडं भरतो, आईला दरमहा पैसे पाठवतो. या सगळ्याची सुरुवात ज्या निकालपत्राने झाली, त्यात आपल्या शाळेच्या सेवा मंडळाचा, म्हणजे आमच्यासाठी लेखनिक तयार करणाऱ्या उपक्रमाचा, वाटा आहे. ते मंडळ आपण जूनमध्ये बंद केलंत, म्हणून हे पत्र.

आपलं परिपत्रक एका पालकांनी मला वाचून दाखवलं. सेवा मंडळाबद्दल त्यात मोजकीच वाक्यं आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मंडळाचा जो दीड तास असायचा, तो या वर्षीपासून बंद. त्या वेळात नववी-दहावीसाठी जेईई-नीटचा फाउंडेशन वर्ग. लेखनिक म्हणून विद्यार्थी पाठवणं बंद. त्याऐवजी वर्षातून एकदा ‘समाजसेवा दिन’, त्यात वृक्षारोपण, वृद्धाश्रमाला भेट आणि सहभागाचं प्रमाणपत्र. मी दोन पत्रं पाठवली. एकदा रजा काढून कार्यालयात येऊन बसलो. ‘समितीपुढे ठेवू’ यापलीकडे उत्तर मिळालं नाही. ऑगस्ट संपत आला आहे. लेखनिकांची यादी दरवर्षी याच सुमारास ठरायची. आता थांबणं मला परवडणारं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहे.

ज्यांचा या विषयाशी कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी नियम सांगतो. दहावीला बसणाऱ्या अंध विद्यार्थ्याला लेखनिक घेता येतो. लेखनिक प्रश्न वाचून दाखवतो आणि विद्यार्थी तोंडी सांगेल ते उत्तर लिहितो. अट अशी की लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेत शिकणारा हवा. अट योग्यच आहे, नाहीतर परीक्षा कोणाची हाच प्रश्न उरेल. पण तिचा परिणाम काय होतो ते बघा. माझ्यासाठी प्राध्यापक बसू शकत नाहीत, इंजिनिअर बसू शकत नाही, निवृत्त शिक्षक बसू शकत नाहीत. माझ्या मोठ्या भावाची कितीही इच्छा असली तरी तो बसू शकला नाही. सहावी-सातवीचं मूल नियमात बसतं, पण दहावीच्या विज्ञानाचा प्रश्न त्याला धड वाचता येत नाही. म्हणजे खऱ्या अर्थाने उरतात ती नववीची मुलं. झाडं लावायला मोठी माणसं येऊ शकतात. नदीकाठ साफ करायला, रक्तदान शिबिरात राबायला, पूरग्रस्तांना धान्य पोचवायला मोठी माणसं येऊ शकतात आणि येतातही. या शहरात हे एकच काम असं आहे की जे चौदा वर्षांच्या मुलामुलींनीच करायचं आहे, दुसऱ्या कोणाला ते करायची परवानगीच नाही.

कायद्यात काही कमी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक या दोन्ही सोयी स्पष्ट लिहिल्या आहेत. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितला आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय आणखी लोकांपर्यंत नेली. दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी असलं तरी लिहिता येत नसेल, तर लेखनिक नाकारता येणार नाही, असं सांगितलं. हे सगळं कागदावर आहे. पण सकाळी साडेदहाला परीक्षा केंद्राच्या फाटकात पेन घेऊन कोण उभं राहणार, हे ना अधिनियमात लिहिलंय ना निकालात. ती शोधाशोध दरवर्षी मुलावर, त्याच्या आईवडिलांवर आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांवर येते.

शोधाशोध म्हणजे काय, ते मी पाहिलं आहे. आमच्या वसतिगृहातला माझ्याहून एक वर्ष पुढचा मुलगा विज्ञानात आम्हा सगळ्यांत हुशार. ब्रेलमधली पुस्तकं त्याने बोटं हुळहुळेपर्यंत वाचलेली. विज्ञानाच्या पेपरच्या आदल्या रात्री त्याच्या लेखनिकाला ताप भरला. अधीक्षकांनी रात्री नऊपर्यंत फोन केले, आणि सकाळी शेजारच्या इमारतीतला सातवीचा एक मुलगा आणला. बिचारा मनापासून आला होता, पण त्याला ‘विद्युतचुंबकीय प्रवर्तन’ लिहिता येईना. प्रत्येक वेळी एकेक अक्षर सांगावं लागलं. जादा वेळ मिळूनही शेवटचे दोन प्रश्न राहिले. सगळी उत्तरं येत असताना ते राहिले. त्या रात्री तो जेवायला खाली आला नाही. मी पुढच्या वर्षी दहावीला होतो, आणि त्या दिवसापासून मला अभ्यासाची भीती वाटायची थांबली. भीती लेखनिकाची वाटू लागली.

त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या शाळेतल्या एक बाई वसतिगृहात आल्या. सेवा मंडळ त्यांच्याकडे होतं. किती मुलं दहावीला आहेत, कोणाला कोणती माध्यमं, कोण गणित घेणार, सगळं विचारून त्यांनी वहीत लिहून घेतलं. आम्हाला गणिताऐवजी सोपं अंकगणित घेण्याची सवलत होती. मी पूर्ण गणित घेतोय म्हटल्यावर बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग आपल्याला ऑगस्टपासूनच बसायला लागेल.”

आणि आम्ही बसलो. दर शनिवारी. आपल्यातल्या बहुतेकांना त्या तासात काय चालायचं हे ठाऊक नसावं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पहिल्या दोन शनिवारी बाईंनी आपल्या मुलांना पेन हातात घेऊच दिलं नाही. जोड्या करून एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने प्रश्न वाचायचा. एका मुलाने वाचलं, “एक्स अधिक तीन छेद दोन.” बाईंनी विचारलं, छेदाच्या वर काय आहे? निम्म्या मुलांनी सांगितलं ‘तीन’, निम्म्यांनी ‘एक्स अधिक तीन’. ज्याच्यासमोर कागद आहे त्याला हा प्रश्न पडतच नाही. मग नियम ठरला. “अंश सुरू, एक्स अधिक तीन, अंश संपला. छेद दोन.” कंस उघडला की सांगायचं, बंद झाला की सांगायचं. ‘जोड्या लावा’ आलं की आधी ‘अ’ गट पूर्ण वाचायचा, मग ‘ब’ गट, मग ‘अ’मधला एकेक घेऊन ‘ब’ पुन्हा. पाच जोड्यांची यादी डोक्यात धरून ठेवणं काय असतं, ते आपल्या मुलांना स्वतः डोळे मिटून करून बघितल्यावर कळलं. बहुपर्यायी प्रश्नात बरोबर पर्यायावर आवाज रेंगाळू द्यायचा नाही, चारही पर्याय एकाच सुरात. निबंधात स्वल्पविराम मी सांगायचा, ऱ्हस्व-दीर्घ तिने सांभाळायचं. वाक्य पूर्ण झालं की शेवटचे दोन शब्द ती मला हळू आवाजात वाचून दाखवायची, म्हणजे मी कुठे आहे ते मला कळायचं. या सगळ्याला महिने लागतात. आदल्या दिवशी आणलेल्या मुलाला हे येणार कुठून?

सगळ्यात अवघड शिकवण वेगळीच होती. परीक्षार्थी चुकीचं सांगत असेल तर? बाई म्हणायच्या, चुकीचं लिहायचं. जसं सांगितलं तसं.

बीजगणिताच्या पेपरला ते घडलं. एका समीकरणात बाजू बदलताना मी चिन्ह बदललं नाही. मी बोलत होतो आणि तिचं पेन थांबलं. कागदावर पेनचा आवाज थांबला की आम्हाला लगेच कळतं. क्षणभरच, मला काही उमगायच्या आत ते पुन्हा चालू झालं. पेपर संपल्यावर व्हरांड्यात ती रडायला लागली. “दादा, तिथे वजा होतं. मला दिसत होतं.” तिला येत होतं, एका शब्दाने सांगता आलं असतं, पर्यवेक्षकांना पत्ताही लागला नसता. तिने सांगितलं नाही. चूक माझी होती आणि ती माझीच राहायला हवी, हे तिला कळलं होतं. मी बँकेत आल्यापासून सचोटीवरची तीन प्रशिक्षणं केली आहेत. त्या व्हरांड्यात जे समजलं ते मला तिथे कुठे भेटलं नाही.

आता माझ्या तक्रारी.

निर्णय घेताना आपण ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार, त्यांना विचारलं नाहीत. इतक्या वर्षांचा संबंध, पण वसतिगृहाला एक फोनसुद्धा गेला नाही. अधीक्षकांना हे कळलं ते जुलैत, नेहमीप्रमाणे यादी घेऊन ते शाळेत आले तेव्हा. निदान एक वर्ष आधी सांगितलं असतंत तर दुसऱ्या शाळांची दारं ठोठावता आली असती.

परिपत्रकात कारण दिलं आहे की नववीच्या मुलांचा अभ्यास बुडतो. हे कारण मी झटकून टाकत नाही. मुलगी सकाळी दहाला घरातून निघते, अकराचा पेपर, जादा वेळ धरून तीन वाजतात, घरी यायला चार. बोटं दुखतात, दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ राहतो. एका वडिलांनी पालकसभेत हे मांडलं असं मी ऐकलं. घटक चाचणी चुकली आणि मुलीला शून्य मिळालं, यावर ते चिडले होते. त्यांचं चिडणं रास्त आहे. पण ते शून्य तिला कोणी दिलं? शाळेच्याच कामासाठी, शाळेच्याच पत्राने गेलेल्या मुलीची चाचणी दुसऱ्या दिवशी घेता येत नव्हती का? दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, नववीची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. दोन्ही एकमेकींवर येत नाहीत. पेपरांमध्ये सुट्ट्या असतात. प्रत्यक्षात सात-आठ दिवस जातात, आणि त्या दिवसांत ते मूल पुढच्या वर्षी स्वतः सोडवायचे पेपर ओळ न ओळ मोठ्याने वाचत असतं. माझ्या लेखनिकेने मला नंतर सांगितलं होतं की दहावीला तिला परीक्षेच्या हॉलची भीती वाटली नाही, कारण ती तिथे आधीच एकदा जाऊन आली होती.

समाजसेवा दिनाबद्दल. झाडं लावण्याला माझा विरोध नाही, वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना भेटण्याला तर नाहीच. पण एका दिवसात जे बसतं तेवढंच काम सेवा म्हणून मुलांपुढे ठेवलं, तर बाकीच्या सेवेची त्यांना ओळखच होणार नाही. लावलेल्या रोपाला मे महिन्यात पाणी कोण घालणार? भेटून आलेल्या आजोबांकडे पुन्हा कोण जाणार? महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. तिथे स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तासांचं काम अपेक्षित असतं, आणि विशेष शिबिर वेगळं. माझ्या लेखनिकेचे तास मी एकदा मोजले होते. शनिवारचा सराव, पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा मिळून सत्तरच्या वर भरले. तिला कोणी प्रमाणपत्र दिलं नाही, तिने मागितलंही नाही. आता प्रमाणपत्र मिळणार आहे ते पाच तासांच्या दिवसाचं.

फाउंडेशन वर्गावर मी बोलणं बरं नव्हे, पालकांना तो हवा असेल. तो सोमवार ते शुक्रवार ठेवा, रविवारी ठेवा. ज्या मुलांनी त्याची फी भरलेली नाही त्यांचाही शनिवार गेला, एवढं मात्र ध्यानात घ्या. पहिली ते आठवीसाठी सरकारनेच ‘आनंददायी शनिवार’ आणला आहे. नववीत पाऊल ठेवलं की मुलाचा शनिवार लगेच प्रवेश परीक्षेचा व्हावा, हे मला पटत नाही.

आणि खरं सांगायचं तर सेवा मंडळ या जूनमध्ये बंद पडलेलं नाही. बाई निवृत्त झाल्यापासून ते हळूहळू आटत होतं. त्यांच्यानंतर ज्या सरांकडे ते आलं त्यांचा एकही तास कमी झाला नाही. वर्गशिक्षक तेच, निवडणुकीच्या कामाला तेच, शालेय पोषण आहाराच्या नोंदी तेच ठेवणार, आणि शनिवारी मंडळही त्यांनीच बघायचं. तरी त्यांनी काही वर्षं रेटलं. मुलांना केंद्रावर न्यायला-आणायला ते स्वतःच्या खिशातून रिक्षाचे पैसे द्यायचे, हे मला वसतिगृहातल्या मुलांकडून कळलं. माणूस दमला, मंडळ ढिलं पडलं, आणि मग ‘प्रतिसाद कमी आहे’ असं परिपत्रकात लिहिलं गेलं. प्रतिसाद मुलांचा कमी नव्हता. गेल्या वर्षीही नववीतल्या चौदा मुलांनी नावं दिली होती.

काही जण म्हणतात, आता संगणक आले, लेखनिकाची गरज काय? मी हे पत्र एनव्हीडीए नावाच्या मोफत स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर, स्वतः टंकलं आहे, कोणाला सांगून लिहून घेतलेलं नाही. बँकेतलं सगळं काम तसंच करतो. म्हणून अधिकाराने सांगतो की दहावीची परीक्षा आजही कागदावर होते, आणि वसतिगृहातल्या मुलांना संगणकाचा सराव आठवड्यातून तास-दोन तासच मिळतो. तो दिवस यायला हवा, त्यासाठी आम्ही भांडतोच आहोत. तो येईपर्यंत मार्च दरवर्षी येणार आहे.

माझ्या मागण्या अशा.

शनिवारचा दीड तास सेवा मंडळाला परत द्या, निदान ऑगस्ट ते फेब्रुवारी. इच्छुक मुलांपुरताच असला तरी चालेल, पण वेळापत्रकात त्याची जागा पक्की हवी.

लेखनिक पाठवण्यावरची बंदी मागे घ्या. पालकांची लेखी संमती घ्या, ती घेतलीच पाहिजे. लेखनिकाच्या दिवशी मुलाची हजेरी लावा, चुकलेली चाचणी आठवड्याच्या आत पुन्हा घ्या. प्रत्येक परीक्षार्थीमागे एक राखीव लेखनिक तयार ठेवा, म्हणजे एखाद्या मुलाला ताप आला म्हणून दुसऱ्याचं वर्ष जाणार नाही. परीक्षा मंडळाच्या परवानगीसाठी लागणारं मुख्याध्यापकांचं पत्र आणि ओळखपत्रं शेवटच्या आठवड्यावर न ठेवता डिसेंबरात पूर्ण करा.

सेवा मंडळ ज्या शिक्षकांकडे द्याल त्यांचे आठवड्याचे निदान दोन तास कमी करा, आणि प्रवासाचा खर्च शाळेने सोसावा. तेवढाही निधी नसेल तर तसं सांगा. माझ्यासारखे आधी या मंडळाच्या मदतीने पास झालेले आम्ही नऊ जण संपर्कात आहोत, आम्ही दरवर्षी तो खर्च उचलू. हे मी त्या सगळ्यांना विचारून लिहितो आहे.

समाजसेवा दिन ठेवायचा असेल तर जरूर ठेवा. वर्षभराच्या कामाच्या जागी मात्र तो ठेवू नका.

आणि शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत वसतिगृहाच्या अधीक्षकांना, त्या चिडलेल्या वडिलांना, नववीतल्या दोन मुलांना आणि मला प्रत्येकी दहा मिनिटं बोलू द्या. निर्णय त्यानंतर घ्या.

या वर्षी वसतिगृहातली आठ मुलं दहावीला बसणार आहेत. त्यातल्या तिघांनी पूर्ण गणित घेतलं आहे, एक मुलगी तर भूमितीसुद्धा लेखनिकाला सांगूनच सोडवणार आहे. आजच्या घडीला दोघांनाच लेखनिक मिळाले आहेत, तेही नात्यातले. सहा जणांची नावं, विषय आणि माध्यम लिहिलेला कागद मी गेल्या आठवड्यात आपल्या कार्यालयात देऊन आवक क्रमांक घेतला आहे. कृपया तो काढून बघा.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारपासून मी मोकळा आहे. बँकेला त्या दिवशी कामकाज असतं, पण साहेबांशी बोलून अर्ध्या दिवसाच्या रजा मांडून ठेवल्या आहेत. आपण वर्ग उघडून दिलात तर बाईंचे नियम मला सगळे पाठ आहेत. अंश आणि छेदापासून सुरुवात करता येईल.

आपला,
२०११ च्या मार्चमधला एक परीक्षार्थी
पुणे